शिवाजी पार्क : मैदानाची शंभरी आणि वस्तीची ओळख

शिवाजी पार्क म्हणजे मुंबईतल्या मराठी माणसाचा बालेकिल्ला, हे वाक्य सभांतून, अग्रलेखांतून आणि दिवाळी अंकांतून इतक्या वेळा आले आहे की त्याची उलटतपासणी करावी असे कुणाला वाटत नाही. गेल्या वीसेक वर्षांत त्याला एक हळहळही जोडली गेली आहे. जुन्या तीनमजली इमारती पाडल्या जात आहेत, त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, ओळखीची माणसे ठाणे-डोंबिवलीला नाहीतर परदेशी गेली आहेत, बालेकिल्ला ढासळतो आहे. २०२५ साली या मैदानाने शंभरी गाठली, तेव्हाही सूर असाच होता. हळहळीत तथ्य आहे. मात्र हा बालेकिल्ला कुणी बांधला, कशाच्या जोरावर बांधला आणि त्यात कुणाकुणाला मोजायचे राहून गेले, हे पाहिल्याशिवाय काय ढासळते आहे तेही नीट कळणार नाही.

माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. आज जिथे पार्काभोवतीच्या इमारती आहेत तो सगळा पट्टा माहीमच्या नारळीच्या वाड्यांचा. किनाऱ्यावर कोळी, वाड्यांत ताडीमाडीचा धंदा करणारे भंडारी, बागायती करणारे पाचकळशी, जमीनजुमला राखून असलेले पाठारे प्रभू आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले स्थानिक, असा हा मुलूख होता. दादरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ सालची. (आजची तिची वेगळ्याच धाटणीची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९७० च्या दशकातली.) लेडी जमशेटजींच्या देणगीतून १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला आणि वांद्र्याकडचा रस्ता सुरू झाला. त्या रस्त्याला आजही त्यांचेच नाव आहे. म्हणजे पार्काची वस्ती काही ओसाड रानात वसलेली नाही. वाड्या गेल्या, वाडीवाले बाजूच्या गल्ल्यांत सरकले आणि नव्याने आलेल्यांनी त्या जागेचा इतिहास आपल्यापासून मोजायला सुरुवात केली. ‘मूळचे पार्कातले’ म्हणवणारी बहुतेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी दुसरीकडून आलेली आहेत, हे एकदा मान्य केले की पुढची चर्चा सोपी होते.

ही कुटुंबे इथे आली याचे मूळ कारण प्लेग. १८९६ च्या साथीने जुन्या मुंबईतली कोंदट दाटी उघडी पाडली आणि १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. उत्तरेकडे दादर-माटुंग्याला आखीव रस्ते, मोकळ्या जागा, हवा-उजेड असलेली उपनगरे वसवायची, हे त्याचे धोरण होते. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच झाल्या. रुळांच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला महापालिकेने सुमारे २८ एकरांचे एक मैदान राखले आणि १९२५ साली ते लोकांना खुले केले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क. दोन वर्षांनी, त्या काळी मानल्या जाणाऱ्या तिथीप्रमाणे शिवजन्माची त्रिशताब्दी आली आणि मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले.

यासाठी पुढाकार घेतला तो अवंतिकाबाई गोखले यांनी. त्या महापालिकेच्या सदस्य होत्या, हिंद महिला समाजाच्या संस्थापक होत्या आणि गांधीजींच्या अनुयायी होत्या. गांधीजींचे मराठी चरित्र त्यांनी १९१८ सालीच लिहिले होते, त्याला प्रस्तावना टिळकांची. आज या मैदानाच्या नावाभोवती ज्या राजकारणाचे वलय आहे त्यात अवंतिकाबाईंची आठवण कुणाला येत नाही. माझ्या मते पार्काच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उपेक्षा आहे. एका गांधीवादी बाईने, इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजी शहराच्या मोकळ्या जागेला हे नाव मिळवून दिले. मैदानाला वेढा घालणाऱ्या रस्त्याचे नावही असेच विचार करण्याजोगे आहे. ज्यांच्या नावाचा हा केळुसकर मार्ग, त्या कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र लिहिले. मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला १९०७ साली आपले बुद्धचरित्र भेट देणारे आणि पुढे सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून धडपडणारे गुरुजीही तेच.

ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला. पार्काभोवतीची घरबांधणी मुख्यतः त्या दशकातली आणि पुढच्या दशकातली. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, एका रांगेत, साधारण एका उंचीच्या इमारती. सिमेंट-काँक्रीट नवे होते आणि त्याने जे करता येते ते सगळे या घरांत करून पाहिले आहे. कोपऱ्यावर गोल वळणाऱ्या गॅलऱ्या, खिडकीवर भुवईसारखी पट्टी, जिन्याच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत उभी काच, गॅलरीच्या लोखंडी जाळीत लाटा नाहीतर उगवता सूर्य, पायाखाली मोझेक. जिना चढताना त्या उभ्या काचेतून येणारा उजेड प्रत्येक मजल्यावर वेगळा पडतो. आत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास घरातच. गिरगावातल्या चाळीतून आलेल्या कुटुंबाला या शेवटच्या गोष्टीचे अप्रूप सर्वांत जास्त होते. या घरांना सगळे ‘ब्लॉक’ म्हणत. ब्लॉकात राहायला जाणे ही त्या काळच्या मध्यमवर्गाची मोठी उडी होती.

आणि हे ब्लॉक भाड्याचे होते. ही गोष्ट नेहमी निसटते. शिक्षक, कारकून, वकील, डॉक्टर, नट, संगीतकार, वर्तमानपत्रात काम करणारे लोक समुद्रापासून चार पावलांवर राहू शकले, ते घर विकत घ्यावे लागले नाही म्हणून. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि या वर्गाचा मुक्काम पुढच्या दोन पिढ्यांसाठी पक्का झाला. पार्कातल्या ज्या संस्कृतीचे आपण गोडवे गातो तिच्यामागे हे अर्थकारण आहे. दादासाहेब रेगे १९४० साली बालमोहन विद्यामंदिर काढू शकले, ते आजूबाजूला मुलांना मराठीत शिकवू पाहणारी ही घरे होती म्हणून. नाटकाला शिवाजी मंदिर (१९६५) मिळाले आणि पुढच्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमी बहरली, त्यामागेही चालत येण्याच्या अंतरावर राहणारा प्रेक्षक होता.

हा वर्ग एका जातीचा नव्हता आणि एका भाषेचाही नव्हता. पांढरपेशा ब्राह्मण, सारस्वत, सीकेपी यांचे प्रमाण मोठे होते हे खरे. पण शेजारी गुजराती होते, बंगालीही होते. बंगाल क्लबची दुर्गापूजा पार्कावर अनेक दशके होत आली आहे आणि तिथे भोगाच्या रांगेत मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली आहेत. रुळांकडे चालत गेले की दहा मिनिटांत गिरण्यांचे भोंगे ऐकू येत. पार्क आणि गिरणगाव यांच्यातली ही दहा मिनिटे पार्कवासीयांच्या आठवणींत फार कमी येतात. शांता गोखले यांनी २०२० साली या वस्तीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. मराठीत असे सलग काम अजून व्हायला हवे आणि त्यात ती दहा मिनिटे आली पाहिजेत.

राजकारणाने पार्काला जी ओळख दिली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासूनची. आचार्य अत्रे यांच्या सभा इथे गाजल्या. मैदानाच्या आकाराचा यात मोठा वाटा होता. मुंबईच्या मध्यावर, दोन रेल्वेमार्गांच्या दादर स्टेशनपासून चालत येण्याजोगी, लाखाची सभा मावेल अशी दुसरी जागा नव्हती. गिरणीतून सुटलेला कामगार आणि कचेरीतून सुटलेला कारकून इथे एकत्र बसू शकत होते. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मेचे संचलन पार्कावर होऊ लागले.

मग १९६६ हे साल येते. फेब्रुवारीत स्वातंत्र्यवीर सावरकर गेले. १९३८ पासून ते पार्काजवळच्या सावरकर सदनात राहत होते. त्याच वर्षी मैदानात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. या पुतळ्यात महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. १९ जूनला रानडे रोडवरच्या कदम मॅन्शनमध्ये, बाळासाहेब ठाकऱ्यांच्या घरी, शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबरला तिचा पहिला दसरा मेळावा पार्कावर भरला. बाळासाहेबांचे वडील प्रबोधनकार याच दादरचे. नोकऱ्या मिळत नाहीत ही मध्यमवर्गीय ब्लॉकातली तक्रार आणि गिरणगावातल्या तरुणाची तक्रार या मैदानात एक झाली. १९७७ साली सेना भवन कोपऱ्यावर आले. १९९५ साली मनोहर जोशींचा आणि २०१९ साली उद्धव ठाकरे यांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी राजभवन सोडून इथे झाला. २००६ साली मनसेची पहिली सभा इथेच झाली. २०२२ साली सेना फुटल्यावर दसऱ्याला पार्क कुणाला मिळणार हा वाद उच्च न्यायालयात गेला. एखाद्या पक्षाचा वारसा ठरवताना मैदानाचा ताबा हा पुरावा मानला जावा, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

या सगळ्या कहाणीत मराठी अस्मितेचे एकच रूप दिसते. दुसरे रूप दरवर्षी डिसेंबरात येते आणि ते पहिल्याइतकेच मराठी आहे, किंबहुना महाराष्ट्राच्या अधिक कानाकोपऱ्यांतून आलेले आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत निधन झाले. दुसऱ्या दिवशी हिंदू कॉलनीतल्या राजगृहातून अंत्ययात्रा निघाली आणि दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. तिथे १९७१ साली स्तूप झाला, तीच चैत्यभूमी. मैदानापासून ती हाकेच्या अंतरावर आहे. महापरिनिर्वाणदिनी विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून लाखो माणसे येतात, दोन-तीन दिवस पार्कावरच्या मांडवात मुक्काम करतात आणि शिस्तीने रांगेत उभी राहतात. पार्कावर तेव्हा पुस्तकांचे जे स्टॉल लागतात ते पाहण्यासारखे असतात. संविधानाच्या प्रती, बाबासाहेबांचे खंड, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, फुले, दलित आत्मकथने, पातळ पुस्तिका, दिनदर्शिका, शेजारी बुद्धमूर्ती आणि भीमगीतांचा आवाज. नऊवारी नेसलेली म्हातारी, जिला स्वतःला अक्षर येत नाही, नातवासाठी दोन पुस्तके निवडून घेते, नोट पदराच्या गाठीतून काढते आणि पुस्तके पिशवीत कपड्यांच्या घडीखाली ठेवते. मराठी पुस्तकांची इतकी भुकेलेली गर्दी दुसरीकडे क्वचितच दिसते.

आणि तरीही पार्काच्या संस्कृतीवर बोलताना हे दिवस ‘गैरसोय’ या सदरात जातात. त्या दिवसांत घर बंद करून बाहेरगावी जाणारी कुटुंबे होती, अजूनही आहेत. अस्वच्छतेच्या तक्रारी होतात. राजकीय सभेच्या दुसऱ्या दिवशीही मैदान तसेच असते, पण तेव्हा तक्रारीचा सूर वेगळा लागतो. यामागे जात आहे आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे. बालेकिल्ल्याच्या कथेत ज्यांना मोजायचे राहिले ते हे लोक.

मैदानावर ज्यांचा हक्क रोजचा आहे ते मात्र खेळाडू. शिवाजी पार्क जिमखान्याची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते. दादर युनियन क्लबशी त्याची चुरस मुंबई क्रिकेटच्या लोककथेचा भाग आहे. विजय मांजरेकर, सुभाष गुप्ते, रमाकांत देसाई, संदीप पाटील, असे खेळाडू या परिसराने घडवले. नंतर रमाकांत आचरेकरांचे नेट आले. चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर त्यातून निघाले. सचिन मुळात वांद्र्याच्या साहित्य सहवासातला. शारदाश्रमात शिकता यावे आणि पार्कावर वेळेत पोचता यावे म्हणून तो काका-काकूंकडे पार्काजवळ येऊन राहिला. सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, नाबाद राहिला तर सचिनचे. आजही सकाळी मैदानात उभे राहून पाहावे. शेजारीशेजारी नेट लागलेली असतात, एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपजवळ उभा असतो आणि कुठून कुणाचा चेंडू येईल याचे भान प्रत्येकाला ठेवावे लागते. या गर्दीत खेळलेला मुलगा जागा शोधून फटका मारायला शिकतो. याच मैदानाच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो. तेलाने गुळगुळीत झालेल्या त्या खांबावर मुलींचाही सराव तितकाच जोरात असतो. तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. परदेशी विद्यार्थ्यांना त्यांनी या खांबावर चढवले आहे. क्रिकेटच्या झगमगाटात हे काम झाकले जाते, पण मराठी मातीतला खेळ जगात नेण्याचे श्रेय पार्काच्या या कोपऱ्याकडे जाते.

मैदानाभोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा आहे. पहाटे चालणारे, दुपारी क्लास बुडवलेले, संध्याकाळी निवृत्त मंडळी आणि रात्री घरात एकांत न मिळणारी जोडपी, सगळ्यांना तो सारखाच मिळतो. तिकीट नाही, फाटकावर ओळखपत्र विचारत नाहीत. मुंबईत जिमखान्यांनी आणि क्लबांनी कितीतरी मोकळ्या जागा सभासदांसाठी अडवल्या. त्या मानाने हे मैदान मोकळे राहिले, हीच मला त्याची सर्वांत मोठी मिळकत वाटते.

ती मिळकत आता दोन बाजूंनी कुरतडली जात आहे. पहिली बाजू स्मारकांची. मीनाताई ठाकरे यांचा अर्धपुतळा, १८ नोव्हेंबर २०१२ रोजी जिथे बाळासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते स्मृतिस्थळ, संयुक्त महाराष्ट्राचे कलादालन, रस्त्यापलीकडे सावरकर स्मारक, जुन्या महापौर बंगल्याच्या जागी बाळासाहेबांचे राष्ट्रीय स्मारक, अलीकडे २०२४ साली आचरेकर सरांचे. यातल्या प्रत्येकाचे समर्थन करता येते आणि आचरेकरांचे तर कुणीही करील. पण प्रत्येक स्मारक थोडी जागा आणि बराच बंदोबस्त घेऊन येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यावर पार्कावर अंत्यसंस्कार झाल्यावर इथे त्यांचे स्मारक करा, अशी मागणी झाली. खेळाडूंनी, रहिवाशांनी विरोध केला आणि खुद्द मंगेशकर कुटुंबीयांनीच ती नको म्हटली. तो विवेक पुढच्या प्रत्येक वेळी दिसेल याची खात्री नाही. उच्च न्यायालयाने २०१० साली पार्क शांतता क्षेत्र ठरवले, सभांवर मर्यादा आल्या. उरलेल्या दिवसांत लाल मातीचा धुरळा हा रहिवाशांचा कायमचा प्रश्न. हिरवळ लावा, पाणी मारा, माती काढा असे उपाय आलटून-पालटून होतात आणि कार्यक्रमांचे मांडव, ट्रक आले की पुन्हा तेच.

दुसरी बाजू घरांची, आणि ती अधिक खोल आहे. गोठलेल्या भाड्याने मध्यमवर्गाला टिकवले, पण घरमालकाला डागडुजीत रस उरला नाही. १९६९ पर्यंतच्या या इमारती उपकरप्राप्त झाल्या, दुरुस्ती मंडळाच्या आधारावर कशाबशा उभ्या राहिल्या. पागडी देऊन घर हातोहात गेले. किनारा नियमन क्षेत्रामुळे समुद्राकडच्या भागात वाढीव बांधकामाला बरीच वर्षे अटकाव होता, तो २०१९ च्या नव्या अधिसूचनेने सैल झाला. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली तीन चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत आणि उरलेले मजले बिल्डरने बाजारभावाने विकायचे, असा तो हिशेब. गळक्या छपराखाली टेकू लावून राहणाऱ्याला यात दोष काढायचा अधिकार बाहेरच्याला नाही. मात्र परिणाम स्पष्ट आहे. मनोऱ्यातली देखभालीची रक्कम निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनला परवडत नाही. मुले पुण्याला नाहीतर अमेरिकेत असतात. घर विकले की दोन भावांचे वाटे होतात. विकत घेणारा कुठल्याही भाषेचा असो, तो श्रीमंतच असतो. २००५ साली कोहिनूर मिल क्रमांक तीनची जागा ४२१ कोटींना विकली गेली तेव्हाच पुढची दिशा दिसली होती. ती घेणाऱ्यांत मराठी अस्मितेच्या राजकारणातली घराणीही होती. तिथला दोनशे मीटरहून उंच मनोरा आज सेना भवनासमोर उभा आहे. आता भुयारी मेट्रो शितळादेवी आणि दादरला आली आहे. भाव खाली येण्याचे कारण नाही.

म्हणून ‘परप्रांतीयांनी पार्क बळकावला’ हे निदान मला चुकीचे वाटते. मराठी मध्यमवर्ग इथे भाषेच्या जोरावर आला नव्हता आणि भाषेमुळे गेलाही नाही. परवडणारे भाड्याचे घर होते तोवर तो होता. २०१२ साली वारसा यादीत पार्काचा परिसर घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा सर्वांत मोठा विरोध रहिवाशांनीच केला, कारण त्यांना गोल गॅलऱ्यांपेक्षा पक्के छप्पर हवे होते. त्यांचे म्हणणे रास्त होते. चूक एवढीच झाली की वारसा म्हणजे दर्शनी भिंती, एवढ्यावरच दोन्ही बाजू थांबल्या. पुनर्विकासात काही घरे कायम भाड्याची, पालिकेच्या ताब्यातली, शिक्षक-परिचारिका-कलावंतांना परवडतील अशी ठेवा, ही मागणी पार्कातल्या एकाही पक्षाच्या व्यासपीठावरून जोराने झाली नाही. पन्नास वर्षे मराठी माणसाच्या नावाने ज्या मैदानात घोषणा झाल्या तिथे ती व्हायला हवी होती.

अजून वेळ गेलेली नाही, बऱ्याच इमारतींचे करार व्हायचे आहेत. महापालिकेने मैदानाच्या कट्ट्याच्या आत यापुढे एकही नवे बांधकाम, एकही स्मारक होणार नाही असा ठराव करावा. भाडेकरूंच्या समित्यांनी करार करताना देखभालीच्या खर्चाचा निधी आधी लिहून घ्यावा. आणि पार्कात राहणाऱ्या वाचकांनी येत्या ६ डिसेंबरला बाहेरगावी न जाता खाली उतरावे, स्टॉलवरून चार पुस्तके घ्यावीत, रांगेत उभ्या माणसांना पाणी द्यावे.